गुंगीचं औषध आणि लघवीची पट्टी : 'निगेटिव्ह' म्हणजे खरंच काही नव्हतं?

गोदाकाठ
माझे मामा नागपूरहून पुण्याला रेल्वेने येत होते. शेजारच्या प्रवाशाने आग्रहाने चहा पाजला. बडनेरा गेल्याचं त्यांना आठवतं, पुढचं काहीच नाही. पुण्याला डबा रिकामा झाला तरी हे उठेनात, तेव्हा सफाई कामगारांनी पोलिसांना बोलावलं. अंगठी, पाकीट, मोबाईल सगळं गेलं होतं. रुग्णालयात नेलं, सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीची पट्टीवरची चाचणी झाली. रिपोर्ट : बेन्झोडायझेपाइन निगेटिव्ह, बार्बिट्युरेट निगेटिव्ह (ही दोन्ही झोप-गुंगी आणणाऱ्या औषधांची कुटुंबं).

तेवढ्यावरून तपास करणारे साहेब म्हणाले, "रिपोर्टमध्ये काही नाही. घेतली असेल थोडी, झोप लागली असेल." मामा माळकरी आहेत. उभ्या जन्मात दारूला शिवलेले नाहीत. चोरीपेक्षा हे वाक्य त्यांना जास्त लागलंय. घरात कुणाशी धड बोलत नाहीत.

माझा प्रश्न एवढाच : या रंगाच्या पट्ट्या किती खऱ्या? निगेटिव्ह आली म्हणजे औषध दिलंच नव्हतं असं छातीठोकपणे म्हणता येतं का?

हिरवा_चाफा
वाचून वाईट वाटलं. मामांना आधी सांगा, त्यांचं काही चुकलेलं नाही. जाणकारांच्या प्रतिसादांच्या प्रतीक्षेत.

परीक्षानळी
गोदाकाठ ताई, मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. या पट्ट्या रोज हाताखालून जातात. सरळ उत्तर : नाही, तसं म्हणता येत नाही.

पट्टीवर दोन खुणा असतात, सी आणि टी. सी म्हणजे पट्टी नीट चालली की नाही याची रेघ. ती उमटली नाही तर चाचणीच बाद. टी ही औषधाची रेघ, आणि ती उलटी चालते. लघवीत औषध नसेल तर रेघ उमटते, पुरेसं असेल तर उमटत नाही. टीच्या जागी आधीच औषधाचा रेणू चिकटवलेला असतो. रंगीत कण लावलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) लघवीबरोबर वर चढतात. वाटेत त्यांना औषध भेटलं तर ती तिथेच अडकतात आणि टीपर्यंत पोचूनही रंग धरत नाहीत. गरोदरपणाच्या पट्टीची सवय असलेली नवी मुलं इथे हमखास गोंधळतात, कारण तिथे रेघ आली म्हणजे 'आहे'. टीची रेघ फिकट दिसली तरी ती निगेटिव्हच धरायची असते. शिवाय पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच वाचायची. अर्ध्या तासाने कचऱ्याच्या डब्यातून काढून वाचलेल्या पट्टीला काही अर्थ नाही.

आता मुख्य मुद्दा. पट्टीवर 'बेन्झोडायझेपाइन' असा एकच शब्द असला तरी ते दहा-वीस औषधांचं मोठं कुटुंब आहे. बऱ्याच पट्ट्यांची प्रतिपिंडं ऑक्साझेपाम नावाच्या रेणूवर बेतलेली असतात. डायझेपाम शरीरात मोडून शेवटी ऑक्साझेपाम होतं, म्हणून ते चांगलं पकडलं जातं. लोराझेपामचं तसं नाही. यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून ग्लुकुरोनाइड करतं आणि तो जोडलेला रेणू पुष्कळ पट्ट्यांना ओळखू येत नाही. क्लोनाझेपामही लघवीत जवळजवळ सगळं ७-अमिनोक्लोनाझेपाम होऊनच येतं, तेही अनेकदा निसटतं. आणि झोल्पिडेम? ती झोपेचीच गोळी, पण या कुटुंबातली नाही. तिच्यासाठी ही पट्टी आंधळी आहे.

डॉ_निवडुंग
परीक्षानळी यांनी नेमकं सांगितलंय. दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली, मर्यादा. पट्टी 'आहे किंवा नाही' सांगत नाही, 'ठरलेल्या आकड्याच्या वर आहे का' तेवढंच सांगते. बेन्झोडायझेपाइनसाठी हा आकडा बहुधा मिलीलिटरला ३०० नॅनोग्रॅम असतो. खाली २५० असलं तरी रिपोर्टवर निगेटिव्हच उमटणार. मामांना रात्रभर सलाईन होतं. त्याने लघवी पातळ होते आणि औषधाचं प्रमाण त्या रेषेखाली घसरू शकतं. म्हणून त्याच नमुन्यातलं क्रिएटिनिन मोजायला हवं, म्हणजे लघवी किती पातळ होती ते कळतं.

दुसरी, वेळ. चहा आदल्या दिवशी प्रवासात, नमुना दुसऱ्या दिवशी सकाळी. रुग्ण आला त्या क्षणी जी पहिली लघवी होती तीच खरी मोलाची.

पण आमची बाजूही सांगतो. कॅज्युअल्टीत बेशुद्ध माणूस आला की श्वास चालू आहे का, साखर किती, डोक्याला मार आहे का हे आधी बघावं लागतं. पट्टी पॉझिटिव्ह येवो की निगेटिव्ह, उपचार फारसे बदलत नाहीत. बेन्झोडायझेपाइनवर फ्लुमाझेनिल हा उतारा आहे, पण तोही सरसकट देत नाहीत, झटके येण्याचा धोका असतो. त्यामुळे लघवीच्या चाचणीची घाई आम्हाला नसते.

गोदाकाठ
डॉक्टर, तुमचं पटतं, त्यांनी जीव वाचवला याबद्दल आम्ही ऋणीच आहोत. पण उपचार न बदलणारी तीच चाचणी पुढे पोलिसांच्या कागदात जाऊन बसली आणि माणसाच्या चारित्र्यावर बोट ठेवलं गेलं. मग ती करताना खाली एक ओळ का लिहीत नाहीत, की हा फक्त प्राथमिक निकाल आहे?

परीक्षानळी
लिहायलाच हवी. पट्टीच्या पाकिटातल्या कागदावर ते छापलेलं असतं : निकाल प्राथमिक समजावा, खात्री जीसी-एमएस किंवा एलसी-एमएसने (रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रांनी) करावी. रिपोर्टच्या ठरीव नमुन्यात मात्र ती ओळ गळते.

दगडी_खल
निवृत्त सरकारी रसायनशास्त्रज्ञ आहे. विषशास्त्र विभागात हयात गेली. ताईंच्या प्रश्नात 'रंग' आहे म्हणून जुन्या, खऱ्या अर्थाने रंगाच्या चाचण्यांबद्दल लिहितो. वर जी पट्टी सांगितली ती प्रतिपिंडांची. आमच्या काळात परीक्षानळीत थेट रसायन घालून रंग बघायचो.

त्यातली सगळ्यात देखणी फुजिवारा चाचणी, १९१६ सालची. क्लोरल हायड्रेट या झोपेच्या जुन्या औषधासाठी. सोलापूर-पुण्याकडे ताडीत क्लोरल मिसळण्याचे प्रकार राज्य उत्पादन शुल्कवाले वरचेवर पकडतात, त्यामुळे ही चाचणी आम्हाला घरच्यासारखी. नळीत एक मिलीलिटर लघवी, तेवढाच कॉस्टिक सोडा, तेवढंच पिरिडीन. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं धरायची. पिरिडीनचा थर वर तरंगतो. खालचा थर तसाच राहतो आणि वरच्यात कडेने लाली चढायला लागते, बघता बघता किरमिजी होते. पिरिडीनचा तो कुजक्या मासळीसारखा वास घरी गेल्यावरही शर्टाला येतो.

ही चाचणी अतिशय तिखट आहे, मिलीलिटरला एक-दोन मायक्रोग्रॅमही दाखवते. आणि तिचा दोष तोच. तिला क्लोरल कळत नाही, एका कार्बनवर तीन क्लोरीन असलेलं काहीही चालतं. क्लोरल शरीरात ट्रायक्लोरोइथेनॉल आणि ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल होतं म्हणून रंग येतो, पण क्लोरोफॉर्मही तोच रंग देतो. बाजूच्या टेबलावर कुणी क्लोरोफॉर्मने निष्कर्षण करत असेल तर हवेतल्या वाफेने साध्या पाण्याची नळीसुद्धा लाल होते. म्हणून नमुन्याशेजारी कोऱ्या पाण्याची आणि क्लोरल मुद्दाम घातलेली अशा आणखी दोन नळ्या लावल्याशिवाय आमचे साहेब वहीत नोंद करू देत नसत. तीन नळ्या, एकाच पातेल्यात, एकाच वेळी. कोरी नळी लाल झाली की सगळं ओतून पुन्हा.

बार्बिट्युरेटसाठी १९३४ ची डिले-कोपानी : कोबाल्टचं लवण आणि आयसोप्रोपिलअमाइन, जांभळा रंग. त्यातही सारखी घडण असलेली दुसरी औषधं रंगात डोकावतात, आणि नुसता रंग बघून कुठलं बार्बिट्युरेट ते सांगता येत नाही.

बेन्झोडायझेपाइनला लघवीत थेट भरवशाचा रंगच नाही. लघवी आम्लात उकळून रेणू तोडायचा, अमिनोबेन्झोफिनोन करायचा, तो वेगळा काढायचा आणि मग ब्रॅटन-मार्शलच्या रीतीने गुलाबी-जांभळा रंग आणायचा. ही रीत १९३९ साली मुळात सल्फा औषधं मोजायला निघाली होती. काढणी स्वच्छ झाली नाही तर सल्फाची गोळी घेतलेला बिचारा रुग्णही गुलाबी दिसतो.

लोखंडी_पेठ
दगडी खल काका, तुमच्या क्लोरोफॉर्मवरून विचारतो. आमच्याकडे एमआयडीसीत सुटे भाग धुवायला ट्रायक्लोरोइथिलीन वापरायचे. तिथल्या कामगाराची ही चाचणी केली तर?

दगडी_खल
पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि अगदी ठसठशीत. ट्रायक्लोरोइथिलीन हुंगल्यावर शरीरात तेच दोन पदार्थ तयार होतात. उलट त्या कामगारांच्या अंगात किती गेलं हे मोजायलाच ही चाचणी वापरली गेली आहे. म्हणून नमुन्याबरोबर माणसाचा धंदा, चालू औषधं, दिलेलं सलाईन सगळं लिहून आलं पाहिजे. आमच्याकडे बाटलीवर नुसता क्रमांक यायचा.

आणखी एक. क्लोरल पोटात असलेल्याची लघवी बेनेडिक्टच्या चाचणीत साखर असल्यासारखी वागू शकते. खेड्यात अजून कुठे बेनेडिक्ट चालत असेल तर ताडीने पडलेल्याला मधुमेही ठरवाल.

रापण
उलटी बाजूही मांडतो. मी रत्नागिरीचा, मर्चंट नेव्हीत. बोटीवर चढण्याआधी कंपनीच्या पॅनेलवर लघवीची चाचणी असते. माझी बेन्झोडायझेपाइन पॉझिटिव्ह आली. आयुष्यात झोपेची गोळी घेतलेली नाही. वैद्यकीय खोलीतला माणूस माझ्याकडे ज्या नजरेने बघायला लागला ती विसरणार नाही. मी डिप्रेशनसाठी सर्ट्रालिन घेत होतो आणि ते फॉर्मवर लिहिलंही होतं. नंतर कळलं की सर्ट्रालिनने या पट्ट्या चुकीच्या पॉझिटिव्ह येऊ शकतात, औषधाच्या माहितीपत्रकातच तशी सूचना आहे. खात्रीच्या चाचणीत निगेटिव्ह आलो, पण तोवर बोट गेली होती आणि करार दुसऱ्याला मिळाला होता.

डॉ_निवडुंग
रापण, खरं आहे. एचआयव्हीच्या रुग्णांना देतात त्या एफाव्हिरेन्झनेही काही पट्ट्या फसतात. पॉझिटिव्ह आली की आधी औषधांची यादी बघायची, माणसाचा चेहरा नाही.

जाई_जुई
माझ्या मुलीला फिट्स येतात. लहानपणापासून गार्डिनल चालू आहे. कॉलेजने सहलीआधी सगळ्यांची टेस्ट केली आणि तिची बार्बिट्युरेट पॉझिटिव्ह आली. ही चुकीची पॉझिटिव्ह नव्हती, खरीच होती, कारण गार्डिनल म्हणजे फिनोबार्बिटोन. पण सरांनी सगळ्यांसमोर तिला बाजूला काढलं. डॉक्टरांची चिठ्ठी मी घेऊन गेले तोपर्यंत वर्गात गोष्ट पसरली होती. पट्टी बरोबर असूनही पोरीवर अन्याय झालाच.

सुपारी_कातर
जाईताई, अंगावर काटा आला. अशी टेस्ट कॉलेजने करणंच चुकीचं आहे.

अवांतर : पण गोदाकाठ, रेल्वेत अनोळखी माणसाकडून चहा घ्यायचाच कशाला? फलाटावर दर दहा मिनिटांनी घोषणा होते.

हिरवा_चाफा
सुपारी_कातर, आपल्याकडे डब्यात दशमी सोडली की शेजाऱ्याला विचारल्याशिवाय घास उतरत नाही. माणसावर विश्वास ठेवणाऱ्याला दोष देऊ नका. दोष गुंगी घालणाऱ्याचा.

सुपारी_कातर
मान्य. शब्द मागे घेतो. मामांना नमस्कार सांगा.

पाचवा_फलाट
लोहमार्ग पोलिसांत होतो, म्हणून कायद्याचं सांगतो. लुटण्यासाठी गुंगीचं औषध देणं हा स्वतंत्र गंभीर गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३२८ लागायचं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १२३. दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नुसती चोरीची नोंद झाली असेल तर हे कलम लावा असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. घटना कुठल्या हद्दीत घडली हे माहीत नसलं तरी तक्रार शून्य क्रमांकाने घ्यावीच लागते.

आता नमुन्याचं. रुग्णालयाने एमएलसी (पोलिसी प्रकरणाची वैद्यकीय नोंद) केली असेल तर रक्त आणि लघवी सील करून पोलिसांच्या ताब्यात द्यायची असते आणि ती न्यायसहायक प्रयोगशाळेत जाते. मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिन्याला, पुणे-नागपूरलाही आहेत. बाटलीत सोडियम फ्लोराइड, बाटली थंड, सीलवर सही, नमुना घेतल्याची वेळ. यातली वेळच बहुतेकदा लिहिलेली नसते आणि उलटतपासणीत वकील तिथेच धरतो. कॅज्युअल्टीतली पट्टी हा पुरावा नव्हेच, ना बाजूने ना विरोधात. तिच्यावरून तुमच्या मामांना 'प्यायले असतील' म्हणणं हे माझ्या खात्यातल्या माणसाने करायला नको होतं. दारूच म्हणायची तर रक्तातलं अल्कोहोल बघितलं का, हे विचारा.

गोदाकाठ
नाही बघितलं. हा मुद्दा आम्हाला सुचलाच नव्हता! उद्याच विचारते.

टेम्सकाठी
ठाण्याची, सध्या लंडनमध्ये विषशास्त्राच्या लॅबमध्ये. वरची चर्चा वाचून एकच वाटतं : या रंगाच्या चाचण्या आणि पट्ट्या बंदच कराव्यात. चुकीची पॉझिटिव्ह, चुकीची निगेटिव्ह, वर माणसांची बदनामी. एलसी-एमएस/एमएसवर एका फेरीत शेकडो औषधं दिसतात, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम सगळी, आणि मिलीलिटरला नॅनोग्रॅमच्या पातळीवर. मग हे जुनं कशाला?

दगडी_खल
बंद करू नका. तुमचं यंत्र कोट्यवधींचं, चालवणारा माणूस शिकलेला हवा, वीज अखंड हवी. २०१५ साली तेलंगणात अल्प्राझोलाम (हेही बेन्झोडायझेपाइनच) मिसळलेली ताडी अचानक बंद झाली तेव्हा माणसं झटके येऊन, भ्रमिष्ट होऊन रुग्णालयांत आली. अशी रांग दारात उभी असताना तालुक्याच्या डॉक्टरने कुठल्या शहरातल्या यंत्राची वाट बघायची? तिथे पट्टी दिशा दाखवते. ताडीच्या गुत्त्यावरून एका वेळी वीस माणसं आली आणि फुजिवाराने सगळ्या नळ्या लाल झाल्या, कोरी नळी पाण्यासारखी राहिली, तर मला क्लोरल म्हणायला यंत्र लागत नाही. खात्री मागाहून होईल. एकट्या माणसाच्या एकट्या नमुन्यावरून मात्र मी एक अक्षर लिहिणार नाही.

चाचणी कमकुवत आहे हे मान्य. पण गोदाकाठ ताईंच्या मामांचं नुकसान चाचणीने केलं नाही, तिच्या निकालाला निवाडा समजणाऱ्याने केलं.

टेम्सकाठी
साथीच्या प्रसंगाचं मान्य. पण दादा, एकट्या रुग्णाच्या बाबतीत तरी 'निगेटिव्ह' हा शब्द रिपोर्टवर छापणं थांबवा. 'मर्यादेच्या वर आढळले नाही' लिहा, आणि खाली कुठली औषधं या पट्टीत दिसत नाहीत त्यांची नावं. आमच्याकडे लोराझेपामची शंका असेल तर लघवी आधी बीटा-ग्लुकुरोनिडेज विकराने (एन्झाइमने) उबवतात, म्हणजे जोडलेलं ग्लुकुरोनाइड सुटतं आणि औषध मोकळं होऊन दिसतं. भारतीय उपखंडातल्या प्रवासातल्या लुटीत लोराझेपाम वारंवार सापडलेलं आहे. नेमकं तेच पट्टीला कमी दिसतं, हे पोलिसांना माहीत असायला हवं.

परीक्षानळी
हे मी उद्याच आमच्या विभागप्रमुखांपुढे ठेवते. रिपोर्टच्या नमुन्यात दोन ओळी वाढवायला खर्च काहीच नाही. वाचनखूण साठवली.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आज रुग्णालयात जाऊन आले. पाचवा_फलाट काकांनी सांगितलं तसं विचारलं. अल्कोहोल तपासलंच नव्हतं, म्हणजे 'प्यायले असतील' याला कागदाचा काडीचा आधार नाही. दाखल केलं त्या रात्री नर्सताईंनी कॅथेटर घातल्यावर आलेली पहिली लघवी वेगळ्या बाटलीत भरून प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये ठेवली होती, तारीख-वेळेसकट. पट्टी सकाळच्या नमुन्यावर केली होती, त्या बाटलीवर नाही! आता ती सील करून पोलिसांकडे द्यायचं लेखी पत्र डॉक्टरांनी दिलं आहे. कलम १२३ चा अर्जही दिला, पोच घेतली. मामांना धागा वाचून दाखवला. लोराझेपामचं ऐकल्यावर त्यांनी पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, "म्हणजे मी खोटा नाही ना?"

पाचवा_फलाट
त्या नर्सताईंचं नाव आणि नोंदवहीतल्या पानाची प्रत जपून ठेवा. पुढे साक्षीला लागेल. नमुना पाठवताना सोबतच्या पत्रात लोराझेपाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम यांची नावं घालून तपासणी मागा. नुसतं 'विष आहे का' असं विचारू नका.

टेम्सकाठी
आणि सलाईनमधून वा इंजेक्शनने काय काय दिलं त्याची यादी जोडा. रुग्णालयानेच झटक्यासाठी किंवा शांत करायला मिडाझोलाम, लोराझेपाम दिलं असेल तर यंत्र तेही दाखवेल आणि सगळ्यावर पाणी पडेल. म्हणूनच इंजेक्शनच्या आधीची ती बाटली सोन्यासारखी आहे.

बाटलीत काही गडबड निघाली तर आणखी एक वाट आहे. एकदाच घेतलेलं औषधही केसांत उतरतं. साधारण महिनाभराने मुळापासून कापलेल्या केसांच्या बटीचे तुकडे करून एलसी-एमएस/एमएसवर तपासता येतात. तोवर मामांना केस कापू देऊ नका, रंगही नको.

गोदाकाठ
मामांना पूर्ण टक्कल आहे हो!

टेम्सकाठी
मग छातीचे किंवा पायाचे केस चालतात. फक्त त्यावरून औषध कुठल्या आठवड्यात गेलं ते सांगता येत नाही, कारण ते डोक्याच्या केसांसारखे ठरल्या गतीने वाढत नाहीत. त्यामुळे सगळा भर त्या फ्रीजमधल्या बाटलीवरच ठेवा.

गोदाकाठ
ठीक. बाटली सोमवारी पोलिसांच्या ताब्यात जातेय, मी स्वतः सोबत जाणार आहे. अहवाल आला की इथेच लिहिते.